बर्लिनचं म्युझियम आयलंड नीट कसं बघायचं: तिकिटापासून नेफरतीतीपर्यंत सगळं सविस्तर

बर्लिनला जाणारे बरेच जण म्युझियम आयलंडसाठी जेमतेम अर्धा दिवस ठेवतात, पाच म्युझियम्सची नावं बघून सगळीच उरकायला जातात, आणि संध्याकाळी पायांचे तुकडे पडलेले असतात पण काय काय बघितलं विचारलं तर इजिप्तच्या राणी नेफरतीतीचा पुतळा सोडून एक गोष्ट धड आठवत नाही. इतक्या लांब जाऊन असं होऊ नये म्हणून हे लिहितेय. माझं म्हणणं सरळ आहे, दिवसाला दोनच म्युझियम्स, त्यातलं एक मन लावून आणि दुसरं निवडक, आणि वस्तूंइतकंच लक्ष त्या ज्या बिल्डिंगमध्ये ठेवल्यात तिच्याकडे पण द्यायचं, कारण इथल्या बिल्डिंग्जनी वस्तूंपेक्षा कमी सोसलेलं नाही.

आधी जागा समजून घ्या

बर्लिनच्या मध्यात श्प्रे नदीचे दोन फाटे होतात, त्यांच्यामधे जे बेट आहे त्याचा उत्तरेकडचा भाग म्हणजे म्युझियम आयलंड. हा परिसर एका झटक्यात बांधलेला नाही, पूर्ण व्हायला शंभर वर्षं लागली. १८३० साली वास्तुकार कार्ल फ्रीडरिख शिंकेलचं आल्टेस म्युझियम उघडलं. १८४१ मध्ये राजा चौथा फ्रीडरिख विल्हेल्म याने ठरवलं की त्याच्या मागचा बेटाचा सगळा भाग कला आणि विद्येसाठी राखून ठेवायचा, मग शिंकेलचाच शिष्य फ्रीडरिख आउगुस्ट श्ट्यूलरने नॉयेस म्युझियम बांधलं, १८७६ ला आल्टे नाट्सिओनालगॅलरी आली, १९०४ ला आज ज्याला बोडे म्युझियम म्हणतात ते, आणि १९३० ला पर्गमॉन. १९९९ पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

सहावी बिल्डिंग २०१९ ची, जेम्स सिमोन गॅलरी, डेव्हिड चिपरफिल्डने डिझाइन केलेली. बारीक पांढऱ्या खांबांची आणि भल्यामोठ्या पायऱ्यांची ही बिल्डिंग म्हणजे बेटाचं स्वागतकक्ष समजा, तिकीट, कोट ठेवायची जागा, कॅफे, पुस्तकांचं दुकान सगळं इथे, आणि आत जायला तिकीट लागत नाही. जेम्स सिमोन हे बर्लिनचे ज्यू कापड व्यापारी, नेफरतीती ज्या उत्खननात सापडली त्याचा खर्च त्यांनी केला होता आणि १९२० मध्ये तो पुतळा त्यांनीच म्युझियमला देऊन टाकला. नाझी काळात त्यांचं नाव इथून पुसलं गेलं, आता दाराशीच परत लागलंय, मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते म्हणून आधीच सांगितली.

पर्गमॉन बंद आहे हे आधीच लक्षात घ्या

सगळ्यात जास्त निराशा इथे होते. पर्गमॉन म्युझियम ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद आहे. ज्या हॉलमध्ये पर्गमॉन या प्राचीन ग्रीक शहरातली ती प्रचंड वेदी आहे तो हॉल आणि उत्तरेकडची विंग २०२७ मध्ये उघडायचं ठरलंय, पण बॅबिलॉनचं निळं इश्तार गेट आणि मिलेटसच्या बाजाराचं दार ज्या दक्षिणेकडच्या विंगमध्ये आहे ती २०३७ पर्यंत बंद राहणार. जुने ट्रॅव्हल व्हिडिओ बघून लोक इश्तार गेट बघायला येतात आणि कुंपणाजवळ उभे राहतात, तर घरूनच हे माहीत असू द्या.

इतकी वर्षं का लागतायत याचं मुख्य कारण खाली जमिनीत आहे. हे बेट मुळात दलदलीचं. याच जागेवर आधी एक छोटं पर्गमॉन म्युझियम होतं, पाया खचायला लागला म्हणून ते काही वर्षांतच पाडावं लागलं होतं. नॉयेस म्युझियम बांधताना श्ट्यूलरने याच भीतीने छताच्या कमानी विटांऐवजी मातीच्या पोकळ मडक्यांसारख्या तुकड्यांनी भरल्या आणि लोखंडी सांगाडा वापरला, म्हणजे वजन कमी होईल. आत गेलात की मान वर करून त्या कमानी शोधा, काही दालनांमध्ये ती मडकी उघडीच ठेवलीत.

पर्गमॉन बंद आहे म्हणून प्लॅन रद्द मात्र करू नका. उलट मी म्हणेन की त्यामुळे बाकीच्या चौघांना न्याय मिळतो, एरवी सगळी गर्दी तिथे एनर्जी संपवून यायची.

दिवस आणि तिकीट

सोमवार सोडून द्या, म्युझियम्स बंद असतात. मंगळवारी पण सगळीच्या सगळी उघडी मिळतील असं धरू नका, म्हणून बुधवार ते रविवार यातले लागोपाठ दोन दिवस घ्या. उघडतात दहाला आणि बंद होतात पाच किंवा सहाला, वार आणि म्युझियमप्रमाणे वेळ बदलते, तर श्टाटलिशे मुझेएन त्सु बर्लिनच्या ऑफिशियल साइटवर त्या त्या दिवसाची वेळ आदल्या रात्री बघून घ्या. ही सगळी म्युझियम्स त्या एकाच संस्थेची आहेत त्यामुळे एका साइटवर काम होतं.

तिकिटाचे तीन मार्ग आहेत. एकेका म्युझियमचं सुटं तिकीट, किंवा म्युझियम आयलंडचं एका दिवसाचं कॉम्बो तिकीट, हे लिहिताना २४ युरो आहे आणि त्यात पर्गमॉनचा पॅनोरमा (प्राचीन शहराचं मोठं गोलाकार चित्र, वेगळ्या बिल्डिंगमध्ये) पण येतो, किंवा म्युझियम पास बर्लिन, ३२ युरो, लागोपाठ तीन दिवस आणि शहरातली तीसपेक्षा जास्त म्युझियम्स. दोन दिवस जाणार असाल तर हिशोब न करता तीन दिवसांचा पासच घ्या, एका दिवसाच्या कॉम्बोपेक्षा फक्त ८ युरो जास्त जातात आणि मुख्य म्हणजे पैसे वसूल करायची घाई डोक्यातून निघून जाते, पाय दुखले तर बाहेर या, कॉफी घ्या, उद्या परत जा. दर बदलत असतात म्हणून बुकिंगच्या वेळी आकडा बघा. अठरा वर्षांखालच्यांना फुकट आहे, विद्यार्थ्यांना साधारण अर्ध्या किमतीत, पण स्टुडंट आयडी जवळ हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना फ्री अशी माहिती अजून बऱ्याच ठिकाणी दिसते, ती योजना २०२४ च्या शेवटी बंद झाली.

पास असला तरी नॉयेस म्युझियमसाठी टाइम स्लॉट ऑनलाइन बुक करून ठेवा, तोही सकाळी दहाचा. बाकी ठिकाणी एवढी गरज पडत नाही, मोठं स्पेशल प्रदर्शन चालू असेल तर वेगळी गोष्ट.

पोचायचं कसं

सगळ्यात सोपं म्हणजे यू-बान ५ (मेट्रोची लाइन) पकडून म्युझेउम्सइन्झेल स्टेशन, मुख्य रेल्वे स्टेशनवरून आणि आलेक्झांडरप्लाट्झवरून थेट. हे स्टेशन २०२१ ला उघडलं आणि उतरल्यावर लगेच वर पळू नका, प्लॅटफॉर्मवरून रुळांवरच्या छताकडे बघा, गडद निळं आकाश आणि हजारो बारीक दिवे, शिंकेलने मोझार्टच्या मॅजिक फ्लूट ऑपेरासाठी जो तारांगणाचा पडदा डिझाइन केला होता त्यावरून ही कल्पना घेतलीय. म्हणजे शिंकेल इथे जमिनीखालीच भेटतो. एस-बानने (लोकल ट्रेनने) येणार असाल तर हाकेशर मार्क्टला उतरून पाच-सात मिनिटं चालत, किंवा फ्रीडरिखश्ट्रासेवरून थोडं जास्त. ट्राम एम १ आणि १२ आम कुपफरग्राबेनला सोडतात, ती बोडे म्युझियमसाठी बरी.

शहरात फिरायला एबी झोनचं तिकीट पुरतं, एअरपोर्टवरून येताना मात्र एबीसी लागतं कारण बीईआर एअरपोर्ट सी झोनमध्ये आहे. कागदी तिकीट मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायला विसरू नका, गेट वगैरे काही नसतं पण साध्या कपड्यातले चेकर येतात आणि शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच धरतात.

बॅग, कोट, फोटो

पाठीवरची सॅक कितीही छोटी असली तरी काढायला लावतील असं धरून चला. लॉकर असतात, कोट ठेवायला काउंटर असतो, सुटी नाणी खिशात ठेवा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इथे कोणीतरी साठहून जास्त वस्तूंवर तेलकट द्रव उडवला होता, तर गार्डने बॅगेबद्दल हटकलं तर वाईट वाटून घेऊ नका. फोन, पाकीट, चष्मा मावेल अशी एक छोटी खांद्याची पिशवी पुरते. थंडीत जाणार असाल तर जाड जॅकेट नक्की जमा करा, आत हीटिंग असतं आणि दोन तास जॅकेट हातात घेऊन फिरलं की त्यानेच माणूस दमतो.

फोटो फ्लॅशशिवाय काढता येतात, सेल्फी स्टिक नि ट्रायपॉड नको. नेफरतीतीच्या खोलीत मात्र फोटोला पूर्ण बंदी आहे, लांबून झूम करून पण ओरडा बसतो. ऑडिओ गाइड मिळतो तो घ्या, सगळे नंबर ऐकायची गरज नाही.

पहिला दिवस, सकाळ: नॉयेस म्युझियम

दहाला आत शिरलात की बाकी सगळं सोडून सरळ नेफरतीतीच्या दालनात जा, उत्तरेकडचा घुमट, कोणालाही विचारलं तरी सांगतील. साडेदहा-अकरानंतर ग्रुप यायला लागतात आणि मग त्या छोट्या गोल खोलीत मुंडक्यांमधून बघावं लागतं.

पुतळा अर्ध्या मीटरच्या आसपास उंचीचा, चुनखडीच्या दगडावर प्लास्टरचा थर आणि त्यावर रंग, साधारण ३४०० वर्षांपूर्वीचा. आधी समोरून बघा, मग काचेच्या भोवती सावकाश फिरा. डावा डोळा रिकामा आहे, उजव्यात स्फटिक बसवलेला आहे आणि डाव्यात नुसता पांढरा दगड. बाजूने बघितलं की मानेचा तो पुढे आलेला ताण दिसतो आणि डोक्यावरचा मुकुट मागे झुकलेला, तोल कसा साधलाय ते बाजूनेच कळतं. जवळ गेलात तर डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला बारीक रेषा आहेत, म्हणजे शिल्पकाराने कोवळी पोरगी नाही, एक वय झालेली बाई घडवलीय. ६ डिसेंबर १९१२ ला इजिप्तमधल्या अमार्नामध्ये थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या वर्कशॉपच्या अवशेषांत जर्मन पुरातत्त्वज्ञ लुडविग बोर्खार्टच्या टीमला हा सापडला, आणि बोर्खार्टने डायरीत लिहिलं की वर्णन करून उपयोग नाही, बघायलाच हवं.

आणि तिथे उभं असताना एक गोष्ट माहीत असावी, १९१३ मध्ये सापडलेल्या वस्तूंची वाटणी झाली त्यात हा पुतळा जर्मनांकडे आला, ती वाटणी सरळपणे झाली की नाही यावर वाद आहे आणि इजिप्तमधून तो परत मागणं १९२० च्या दशकापासून चालू आहे. मला स्वतःला ही मागणी समजते. म्युझियममध्ये यायचं म्हणजे वस्तू इथपर्यंत कशी आली तेही विचारायचं, त्याशिवाय बघणं अर्धवट राहतं.

त्या खोलीच्या दारातून सरळ समोर बघा, ओळीने दालनं आणि शेवटी दक्षिणेकडच्या घुमटाखाली अलेक्झांड्रियाहून आणलेला सूर्यदेव हेलिऑसचा पुतळा. दोघं एकमेकांसमोर येतील असंच मांडलंय.

आता नेफरतीती झाली, मनावरचा भार उतरला, इथून पुढे सावकाश. पहिलं काम, मधल्या जिन्याच्या हॉलमध्ये या आणि दहा मिनिटं काहीही न करता बघा. १९४३ आणि १९४५ च्या बॉम्बिंगमध्ये या बिल्डिंगचं इतकं नुकसान झालं की पुढची काही दशकं ती पूर्व बर्लिनमध्ये उघड्यावर पडकी उभी होती, आत झाडं उगवली होती. २००९ मध्ये ती परत उघडली ती चिपरफिल्डच्या कामानंतर, आणि त्याने जुनं जसंच्या तसं नवीन बनवून लावलं नाही. जिथे जुना रंग उरला होता तिथे तो जपला, जिथे नुसती वीट होती तिथे वीट ठेवली, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे साधं फिकट काँक्रीट. या हॉलच्या भिंतींवर पूर्वी मोठमोठी चित्रं होती, ती गेली ती गेली, आता उघड्या विटा आहेत. एखाद्या भिंतीजवळ जाऊन बघा, पिवळट जुना प्लास्टर संपतो तिथून नवीन भाग सुरू होतो तो रंगाने जुळवून घेतलाय पण लपवलेला नाही, बोटभर अंतरावरून जोड दिसतो. बऱ्याच लोकांना हे बघून काम अर्धवट राहिलंय असं वाटतं, माझ्या मते आख्ख्या बेटावरची सगळ्यात प्रामाणिक गोष्ट हीच आहे.

मग इजिप्तचा बाकीचा भाग. राणी तीयेचं लाकडी डोकं चुकवू नका, मुठीत मावेल एवढा चेहरा, गडद रंगाचं लाकूड, ओठांचे कोपरे खाली वळलेले, ती फेरो अखेनातेनची आई म्हणजे नेफरतीतीची सासू. नेफरतीतीच्या चेहऱ्यात सगळं मोजून-मापून केलेलं आहे आणि या बाईच्या चेहऱ्यात स्वभाव आहे. नंतर हिरव्या दगडातलं ते टक्कल असलेल्या माणसाचं डोकं, बर्लिन ग्रीन हेड म्हणून ओळखतात, कवटीचा आकार कातडीखाली जाणवतो इतकं बारीक काम.

वरच्या मजल्यावर सोन्याची टोपी. हिला एक वेगळी अंधारी खोली दिलीय. कांस्ययुगातली, साधारण ३००० वर्षांपूर्वीची, ७४.५ सेंटीमीटर उंच आणि वजन फक्त ४९० ग्रॅम, कारण पत्रा कागदासारखा पातळ ठोकलाय. तिच्यावरचे गोल गोल शिक्के नुसती नक्षी नाहीत, सूर्य आणि चंद्राच्या वर्षांचा मेळ घालायचं कॅलेंडर त्यात मांडलंय असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. बसायला मिळालं तर बसा आणि एका ओळीतले शिक्के मोजून बघा, मुलांना घेऊन गेलात तर त्यांना हे फार आवडतं.

ट्रॉयच्या दालनात हाइनरिख श्लीमानने शोधलेलं सामान आहे. ज्या खजिन्याला त्याने राजा प्रायमचा खजिना म्हटलं त्यातले सोन्याचे दागिने इथे दिसतात ते नकला आहेत, खरे १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने मॉस्कोला नेले आणि ते तिथेच आहेत. पाटी न वाचता फोटो काढून पुढे जाणारे खूप असतात.

ग्रीक अंगणात भिंतीवर वरती पॉम्पेई नष्ट होतानाची लांबलचक शिल्पपट्टी आहे, हेरमान शीफेलबाइनची. स्वतःच बॉम्बमध्ये उद्ध्वस्त झालेल्या बिल्डिंगमध्ये ती बऱ्यापैकी वाचली. इथपर्यंत तीन तास गेलेले असतात, बाहेर पडा.

जेवण आणि थोडा श्वास

म्युझियमच्या आत डबा उघडता येत नाही. जेम्स सिमोन गॅलरीचं कॅफे आहे, नाहीतर हाकेशर मार्क्टला जाऊन या, शाकाहारी खाणाऱ्यांना पण तिथे फलाफल वगैरे आरामात मिळतं. उन्हाळा असेल तर काहीतरी बांधून आणून आल्टेस म्युझियमसमोरच्या लुस्टगार्टनच्या हिरवळीवर बसा. रविवारी जर्मनीत सुपरमार्केट बंद असतात, पाणी नि सटरफटर शनिवारीच घेऊन ठेवा, मोठ्या स्टेशनवरची दुकानं तेवढी चालू असतात.

परत येताना नॉयेस म्युझियम आणि नाट्सिओनालगॅलरीच्या मधल्या खांबांच्या ओवरीतून या. त्या खांबांवर गोळ्यांचे नि बॉम्बच्या तुकड्यांचे खड्डे अजून दिसतात, काही ठिकाणी दगडाचे चौकोनी ठिगळ लावलेत.

पहिला दिवस, दुपार: आल्टे नाट्सिओनालगॅलरी

उंच चौथऱ्यावर देवळासारखी बिल्डिंग, वर घोड्यावर बसलेला राजा. आत एकोणिसाव्या शतकातली चित्रं. योआखिम वागेनर नावाच्या बँकरने १८६१ मध्ये आपली २६२ चित्रं राजाला मृत्युपत्राने दिली, त्यातून ही गॅलरी सुरू झाली.

इथे वरून खाली यायचं. लिफ्टने किंवा जिन्याने थेट सगळ्यात वरच्या मजल्यावर जा, काळाचा क्रम तिथून सुरू होतो आणि दुपारच्या दमलेल्या पायांना उतरणं सोपं जातं.

वर कास्पार डाव्हिड फ्रीडरिखचं समुद्राकाठचा साधू, १८०८ ते १८१० मधलं. तीन पट्ट्या, वाळू, काळा समुद्र, आणि वर नुसतं आकाश, त्यात एक अंगठ्याएवढा माणूस पाठमोरा. इन्फ्रारेडने तपासलं तेव्हा कळलं की त्याने आधी समुद्रात जहाजं काढली होती आणि नंतर ती काढून टाकली. हे माहीत असताना त्या रिकाम्या समुद्राकडे बघा, चित्र बदलतं. त्याच्याच जोडीचं ओकच्या जंगलातलं पडकं मठ शेजारी असतं.

मधल्या मजल्यावर फ्रेंच चित्रकार एदुआर माने याचं हिवाळी बागेतलं जोडपं, बॉकलिनचं मृतांचं बेट. माने याचं चित्र इथे आणणारा डायरेक्टर हूगो फॉन चूडी, फ्रेंच चित्रं घेतो म्हणून त्याच्यावर बरीच टीका झाली, कारण बिल्डिंगच्या दर्शनी भागावर जर्मन कलेसाठी असं कोरलेलं आहे. आज लोक त्याच चित्रांसाठी येतात.

खाली आडोल्फ मेंझेल, आणि इथे वेळ राखून ठेवा. त्याचं लोखंडाच्या कारखान्याचं चित्र, १८७२ ते १८७५, अडीच मीटर रुंद. लांबून नुसता धूर आणि लाल तापलेलं लोखंड दिसतं, जवळ गेलं की उजव्या कोपऱ्यात खाली काही कामगार पत्र्याच्या आडोशाला बसून जेवतायत, एक बाई टोपलीतून डबा घेऊन आलीय आणि ती थेट आपल्याकडे बघतेय, डावीकडे शिफ्ट संपलेले अंग धुतायत. त्याचंच बाल्कनीची खोली हे छोटं चित्र, वाऱ्याने उडणारा पडदा, फरशीवर ऊन, भिंतीवर एक अर्धवट रंगवलेला पट्टा, आणि आरशात खोलीतला जो भाग आपल्याला दिसत नाही तो. शाडोचा दोन राजकन्यांचा संगमरवरी पुतळा मधे कुठेतरी भेटेलच, गळ्यात हात घातलेल्या दोघी बहिणी.

दोन तास पुरतात. इथे पहिला दिवस संपवा, तिसऱ्या म्युझियमचा मोह नको.

दुसरा दिवस: आल्टेस आणि बोडे

आल्टेस म्युझियमसमोर आधी बाहेर थांबा. १८ आयोनिक खांबांची रांग, आणि समोर ग्रॅनाइटचा प्रचंड वाडगा, ६.९१ मीटर व्यासाचा, एकाच दगडातून काढलेला. तो मुळात आतल्या गोल हॉलमध्ये ठेवायचा होता पण मावेना म्हणून बाहेर आला. आत रोमच्या पँथेऑनवरून बेतलेला घुमट, भोवती देवांचे पुतळे, हा हॉल हेच इथलं मुख्य प्रदर्शन म्हटलं तरी चालेल.

मग ग्रीक भागात हात वर केलेला कांस्याचा मुलगा, साधारण इसवीसनपूर्व ३०० चा. प्रशियाच्या फ्रीडरिख द ग्रेटने १७४७ मध्ये घेतला होता, मधे नेपोलियनने पॅरिसला नेला, परत आला. ज्या हातांवरून तो प्रार्थना करतोय असं म्हणतात ते हात मूळचे नाहीत, सतराव्या शतकात लावलेले आहेत. डाळिंब हातात धरलेली बर्लिनची देवी पण बघा, तिच्या कपड्यांवर रंगाच्या खुणा उरल्यात, म्हणजे हे सगळे पुतळे मुळात पांढरे नव्हते हे डोळ्यांनी दिसतं.

रोमन भागात सम्राट सेप्टिमियस सेव्हरसच्या कुटुंबाचं लाकडावर रंगवलेलं गोल चित्र शोधून काढा, ताटाएवढं आहे, सहज नजरेतून सुटतं. सम्राट, राणी, पुढे दोन मुलं, आणि एका मुलाचा चेहरा खरवडून काढलेला. या दोघांपैकी मोठा, कॅराकॅला, याने धाकटा भाऊ गेटाला २११ मध्ये ठार मारलं आणि त्याची सगळी चित्रं नष्ट करायचा हुकूम काढला. ज्याने हा चेहरा खरवडला त्याच्या हाताचे फटकारे लाकडावर अजून दिसतात. मला स्वतःला नेफरतीतीइतकंच हे महत्त्वाचं वाटतं.

दुपारी बोडे म्युझियम, बेटाचं टोक, नदीतूनच वर आल्यासारखं. शनिवार-रविवार असेल तर वाटेत नदीकाठी जुनी पुस्तकं नि वस्तूंचा बाजार भरलेला असतो. बोडेमध्ये गर्दी सगळ्यात कमी आणि माझ्या मते शांतपणे बघायला हेच सगळ्यात चांगलं. टिलमान रीमेनश्नायडरचे लिंडेनच्या लाकडातले चार धर्मग्रंथकार (बायबलमधली येशूची चार शुभवर्तमानं लिहिणारे), १४९० च्या आसपासचे, रंग न लावलेले, त्यांच्या हातांवरच्या शिरा आणि जड झालेल्या पापण्या बघा. डोनातेलोची पाझी मॅडोना, आई आणि मूल नाकाला नाक लावून. रावेनाहून आणलेलं सहाव्या शतकातलं मोझेइक. आणि नाण्यांचा विभाग, संग्रहात पाच लाखांहून जास्त वस्तू आहेत. मार्च २०१७ मध्ये इथूनच १०० किलोचं सोन्याचं कॅनेडियन नाणं चोरीला गेलं, चोर शेजारच्या रेल्वेच्या रुळांवरून खिडकीतून आत आले होते, नाणं काही परत मिळालेलं नाही. रूळ किती जवळ आहेत ते खिडकीपाशी गेलात की कळेल, एस-बान बेटावरूनच जाते.

पॅनोरमा, आणि सोमवारची सोय

पर्गमॉनचं पॅनोरमा बोडेच्या समोर, कालव्याच्या पलीकडे. यादेगार आसिसीने केलेलं प्राचीन पर्गमॉन शहराचं प्रचंड गोलाकार चित्र आणि सोबत काही मूळ शिल्पं. वेदीची भूक यावर पूर्ण भागणार नाही पण ती वेदी डोंगरावर कशी उभी असेल हे इथे जास्त कळतं. तिकिटात आहे तर बोडे झाल्यावर तासभर द्या.

सोमवारीच बर्लिनमध्ये असाल तर रस्त्यापलीकडच्या हुम्बोल्ट फोरममध्ये जा, ते सोमवारी उघडं असतं आणि मंगळवारी बंद. कायमची प्रदर्शनं फुकट आहेत, त्यात आशियाई कलेचं म्युझियम, किझिलच्या बौद्ध गुहांमधली भित्तिचित्रं. बाहेर सांचीच्या पूर्व तोरणाची मूळ आकाराची दगडी प्रतिकृती उभी आहे, डिसेंबर २०२२ पासून. आफ्रिकेच्या दालनात वसाहतकाळातल्या वस्तू कशा आल्या यावर थेट लिहिलंय, तेही वाचा.

एकच दिवस असेल तर

सकाळी नॉयेस तीन तास, दुपारी आल्टे नाट्सिओनालगॅलरी किंवा बोडे, यातलं एकच. चित्रं आवडत असतील तर पहिलं, शिल्पं आवडत असतील तर दुसरं. आल्टेसचा गोल हॉल तिकिटात येत असेल आणि त्या दिवशी उघडं असेल तर वीस मिनिटांत बघून या. वयस्कर मंडळी सोबत असतील तर नॉयेसला जेम्स सिमोन गॅलरीतून शिरा, लिफ्ट आहे, पायऱ्या टळतात, आणि गार्डला विचारलं तर घडीचं स्टूल कुठे मिळेल ते सांगतात. लहान मुलं असतील तर नेफरतीती, सोन्याची टोपी आणि लगेच बाहेर हिरवळीवर, बाकीचं तुम्ही दोघं आळीपाळीने जाऊन बघा.

आणि २०२७ मध्ये पर्गमॉनची वेदी उघडेल तेव्हा जाणार असाल तर विमानाच्या तिकिटाआधी ऑफिशियल साइटवर उघडण्याची तारीख नि स्लॉट बघा, कारण सुरुवातीचे महिने तिथे आयत्या वेळी तिकीट मिळेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.